विश्लेषण : विकत घेतलेला गेम महिनोन्महिने दुरुस्तच का होत राहतो? बग, पॅच आणि टेस्टिंगमागचे गणित काय?

घोषणेपासून साडेआठ वर्षांची प्रतीक्षा, तीनदा पुढे ढकललेली तारीख आणि ८० लाख प्री-ऑर्डर. एवढ्या तयारीनंतर ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला आणि आठवडाभरातच सोनीने तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला. त्यानंतर जवळपास तीन वर्षे पॅचवर पॅच येत राहिले आणि पुढे याच गेमने पुरस्कारही मिळवले. मोठ्या गेमबाबत, त्यातही रोल-प्लेइंग गेम म्हणजे ‘आरपीजी’ प्रकारात, हे चक्र आता नेहमीचे झाले आहे. गेम येतो, बग सापडतात, खेळाडू संतापतात, कंपनी पॅच आणते. पण बाजारात येण्यापूर्वी या गेमची तपासणी होत नाही का? होत असेल तर एवढे बग सुटतात कसे? आणि या दुरुस्तीची किंमत शेवटी कोण मोजतो?

‘सायबरपंक’चे नेमके काय झाले होते?

‘द विचर ३’ या गाजलेल्या आरपीजीमुळे पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड ही कंपनी जगभर पोहोचली होती. त्यामुळे तिच्या पुढच्या गेमकडे सगळ्यांचे लक्ष होते. २०१९ मध्ये हॉलिवूड अभिनेता कियानू रीव्ह्ज याने मंचावर येऊन गेमची तारीख जाहीर केली : १६ एप्रिल २०२०. ती आधी १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर आणि शेवटी १० डिसेंबर झाली.

परीक्षण करणाऱ्या माध्यमांना गेम येण्यापूर्वी फक्त संगणकावरची आवृत्ती देण्यात आली होती. तिच्यातही बग होते, पण चांगल्या संगणकावर गेम खेळता येत होता. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर मात्र चित्र वेगळे निघाले. गेम मध्येच बंद पडत होता, चेहरे आणि भिंती अर्धवट दिसत होत्या, गाड्या हवेतून अचानक प्रकट होत होत्या. १४ डिसेंबरला कंपनीने माफी मागितली आणि नाराज ग्राहकांनी पैसे परत मागावेत, असे सांगितले. १७ डिसेंबरला सोनीने गेम स्टोअरवरून हटवत असल्याचे आणि पैसे परत देणार असल्याचे जाहीर केले. तो स्टोअरवर परतला थेट २१ जून २०२१ रोजी.

तरीही २०२० संपेपर्यंत गेमच्या १ कोटी ३७ लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. गुंतवणूकदारांनी अमेरिकेत केलेल्या दाव्यात कंपनीने पुढे १८ लाख ५० हजार डॉलरची तडजोड केली. विक्रीचा आकडा पाहता ही रक्कम किरकोळ होती.

सगळे बग सारखेच असतात का?

नाही. पात्राचा हात टेबलातून आरपार जात असेल तर तो दिसण्यातला दोष. त्यावर खेळाडू हसतात, व्हिडीओ काढून मित्रांना पाठवतात आणि पुढे जातात. त्याहून वरचा दोष म्हणजे गेम बंद पडणे, ज्याला ‘क्रॅश’ म्हणतात. त्यात शेवटचे सेव्ह केल्यानंतरचा खेळ वाया जातो. त्याहूनही वाईट म्हणजे कथा अडवणारा बग. पुढची मोहीम सुरू होण्यासाठी एखाद्या पात्राशी बोलणे गरजेचे असते, पण ते पात्र बोलतच नाही. गेम चालू असतो, कथा मात्र थांबलेली असते.

सर्वांत वाईट बग सेव्ह फाइलचा. ‘सायबरपंक’च्या संगणक आवृत्तीत सुरुवातीला सेव्ह फाइल ८ एमबीपेक्षा मोठी झाली की ती खराब होत होती आणि पुन्हा उघडत नव्हती. भरपूर वस्तू गोळा करणाऱ्यांची, म्हणजे गेम मनापासून खेळणाऱ्यांची, फाइल लवकर मोठी होत होती. सामान कमी बाळगा, असा सल्ला त्या वेळी देण्यात आला. डिसेंबर २०२० मध्येच आलेल्या १.०६ क्रमांकाच्या हॉटफिक्सने ही मर्यादा काढली. पण आधी खराब झालेल्या फाइल त्याने दुरुस्त झाल्या नाहीत. ज्यांचे ४०-५० तास गेले, ते गेलेच.

आरपीजीमध्येच बग जास्त का सापडतात?

कारण आरपीजी खेळाडूची प्रत्येक कृती लक्षात ठेवतो. कार रेसिंगच्या गेममध्ये शर्यत संपली की पाटी कोरी होते. आरपीजीमध्ये दहाव्या तासाला घेतलेला निर्णय साठाव्या तासाला समोर येतो.

एक साधे उदाहरण घेऊ. गेममधला एक गावचा पाटील खेळाडूला सांगतो, ‘जंगलातल्या दरोडेखोराने माझी तलवार चोरली, ती आणून दे.’ लिहिणाऱ्याच्या डोक्यात क्रम सरळ आहे : पाटील भेटला, दरोडेखोर मारला, तलवार आणली, बक्षीस मिळाले. पण खेळाडू पाटलाला भेटण्याआधीच जंगलात गेला असेल तर? तलवार सापडली आणि त्याने ती बाजारात विकून टाकली असेल तर? दरोडेखोराशी हातमिळवणी केली तर? मधल्या काळात गावावर हल्ला होऊन पाटीलच मेला तर? यातल्या प्रत्येक शक्यतेसाठी गेममध्ये तरतूद हवी. एक जरी राहिली, तर कुणाच्या तरी यादीत ती मोहीम कायमची ‘अपूर्ण’ राहते.

आता आकडा पाहू. अशा फक्त २० गोष्टी धरल्या आणि प्रत्येकीचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे दोनच मानले, तरी एकूण १० लाख ४८ हजार ५७६ वेगवेगळ्या स्थिती तयार होतात. प्रत्येक स्थिती तपासायला एक मिनिट दिले तर एका माणसाला रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता, जवळपास सहा वर्षे लागतील. मोठ्या आरपीजीमध्ये अशा गोष्टी २० नव्हे, हजारोंनी असतात. ‘बाल्डर्स गेट ३’ बनवणाऱ्या बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने आपल्या गेमच्या शेवटाचीच १७ हजार वेगवेगळी रूपे असल्याचे सांगितले होते. सगळे काही तपासणे अशक्य आहे. काय तपासायचे आणि काय सोडायचे, हे ठरवावेच लागते.

अशी सुटलेली शक्यता किती दूर जाऊ शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन आरपीजीत सप्टेंबर २००५ मध्ये दिसले. एका राक्षसाशी लढताना खेळाडूंना ‘करप्टेड ब्लड’ नावाचा संसर्गजन्य शाप लागायचा. तो त्या लढाईपुरताच राहील, अशी बनवणाऱ्यांची कल्पना होती. पण खेळाडूच्या पाळीव प्राण्याला शाप लागला असताना प्राणी परत पाठवला आणि नंतर शहरात पुन्हा बोलावला, तर शाप त्याच्याबरोबर शहरात येत होता. बघता बघता शहरांमध्ये साथ पसरली आणि कमी ताकदीची पात्रे पटापट मरू लागली. पुढे साथरोगांच्या अभ्यासकांनीही या घटनेवर लिहिले. मुळात हा प्रकार म्हणजे कुणीही न तपासलेला एक क्रम होता : लढाई, प्राणी, शहर.

टेस्टर म्हणजे दिवसभर गेम खेळणारा माणूस?

हा सर्वांत मोठा गैरसमज. टेस्टर गेम खेळतो कमी आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा करून पाहतो जास्त. एकाच खोलीच्या प्रत्येक भिंतीला टेकून कुठे आरपार जाता येते का, हे बघणे हा त्याचा एक दिवस असू शकतो. संवाद चालू असताना कन्सोलची वायर काढणे, गेम सेव्ह होत असतानाच तो बंद करणे, दुकानदाराला एकच वस्तू शंभर वेळा विकणे, असे ‘कोणी कशाला करेल?’ वाटणारे प्रकार तो मुद्दाम करतो. लाखो लोक खेळणार असतील, तर त्यातले कोणीतरी ते करणारच असते.

बग सापडला की खरे काम सुरू होते. ‘गेम अडकला’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या कन्सोलवर, कोणत्या पायऱ्यांनी आणि दहापैकी किती वेळा अडकला, हे नोंदवावे लागते. पायऱ्या नेमक्या असतील तरच प्रोग्रामर तो बग स्वतःच्या संगणकावर घडवून पाहू शकतो. मग बगला दोन शिक्के बसतात : एक तीव्रतेचा, म्हणजे नुकसान किती, दुसरा प्राधान्याचा, म्हणजे दुरुस्ती किती तातडीची. पहिला शिक्का बहुधा टेस्टर मारतो. दुसरा मारण्याचा अधिकार निर्मात्यांकडे असतो. त्यामुळे नोंदवलेला प्रत्येक बग दुरुस्त होतोच असे नाही. ‘माहीत आहे, पण आता हात लावायचा नाही’ असा शेरा मारलेल्या नोंदी प्रत्येक मोठ्या गेमबरोबर बाजारात जातात.

तपासणी फक्त कोडची नसते. ‘सायबरपंक’मध्ये दुसऱ्याच्या आठवणी अनुभवण्याचे एक यंत्र आहे. ते डोक्यावर चढवताना लाल-पांढऱ्या दिव्यांचा वेगवान लखलखाट होत असे. गेम प्रसिद्ध होण्यापूर्वी परीक्षण करणाऱ्या एका पत्रकाराला त्यामुळे अपस्माराचा झटका आला. तिने तसे लिहिल्यानंतर कंपनीने इशारा टाकला आणि लगेचच्या अपडेटमध्ये तो लखलखाट बदलला. इथे कोडमध्ये चूक नव्हती, गेम ठरवल्याप्रमाणेच चालत होता. हा गेम कोणाला इजा करू शकतो, हा प्रश्न मात्र वेळेत विचारला गेला नव्हता.

बग माहीत असूनही गेम बाजारात का येतो?

पहिले कारण तारीख. जाहिराती, दुकानांतली जागा, डिस्कचे उत्पादन आणि नाताळची खरेदी हे सगळे एका तारखेला बांधलेले असते. दुसरे कारण पॅचची सोय. पूर्वी गेम ‘गोल्ड’ झाला, म्हणजे डिस्क छापायला गेली, की काम संपले असे समजले जाई. आता डिस्क छापली जात असताना आणि दुकानात पोहोचत असताना दुरुस्ती चालूच असते आणि पहिल्याच दिवशी मोठा पॅच येतो. ‘सायबरपंक’ ५ ऑक्टोबर २०२० रोजी ‘गोल्ड’ झाल्याचे जाहीर झाले आणि तीन आठवड्यांनी तो पुन्हा पुढे ढकलला गेला. कारण हेच : छापलेली डिस्क हा आता अंतिम गेम राहिलेला नाही.

सोनी आणि मायक्रोसॉफ्ट आपल्या कन्सोलवर येणाऱ्या गेमची स्वतंत्र तपासणी करतात. मग हा गेम तिथून कसा सुटला? गेम आल्यानंतर गुंतवणूकदारांशी बोलताना सीडी प्रोजेक्टच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितले, की प्रसिद्धीपर्यंत आम्ही दोष दुरुस्त करू यावर त्या कंपन्यांनी विश्वास ठेवला असावा. म्हणजे भविष्यातल्या पॅचच्या भरवशावर आजचा गेम पुढे सरकला.

तिसरे कारण पैशाचे वेळापत्रक. प्री-ऑर्डरमध्ये गेम न पाहता पैसे दिले जातात. ‘सायबरपंक’च्या ८० लाख प्री-ऑर्डरपैकी ४१ टक्के कन्सोलसाठी होत्या. गेम येण्याआधीच एवढी विक्री झाली असेल, तर आणखी सहा महिने थांबण्याचा दबाव कमी होतो.

टेस्टरना बग दिसले नव्हते का, यावर दोन बाजू समोर आल्या. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी व्हिडीओद्वारे माफी मागितली. जुन्या कन्सोलवर डिस्कमधून शहराची माहिती सतत वेगाने पुरवण्याचे काम किती अवघड आहे, हे कंपनीने कमी लेखले, असे त्यांनी मान्य केले. मात्र खेळाडूंना आलेल्या अडचणींपैकी बराच भाग टेस्टिंगमध्ये दिसला नव्हता, असेही ते म्हणाले. काही दिवसांतच ब्लूमबर्गने कंपनीतील २० हून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून वृत्त दिले. अनेक दोष आतल्या लोकांना माहीत होते, दुरुस्तीला वेळ नव्हता, असा त्यांचा सूर होता. स्टुडिओच्या प्रमुखांनी त्या वृत्तातील काही मुद्द्यांना जाहीर उत्तर दिले. दोन्ही बाजू वाचल्यावर एक गोष्ट उरते : बग सापडणे आणि तारीख हलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली टेस्टरच्या हातात असते, दुसरी नसते.

पॅच आला म्हणजे प्रश्न मिटला का?

नेहमीच नाही. मोठ्या गेमच्या कोडमध्ये एक धागा ओढला की भलतीच शिवण उसवते. नव्या दुरुस्तीने जुने चालू असलेले काही बिघडले नाही ना, हे पाहण्याला ‘रिग्रेशन टेस्टिंग’ म्हणतात. पॅच घाईत असेल तर कात्री सर्वांत आधी इथे लागते.

बेथेस्डा कंपनीचा ‘स्कायरिम’ नोव्हेंबर २०११ मध्ये आला. काही दिवसांतच १.२ क्रमांकाचा पॅच आला आणि त्यानंतर काही खेळाडूंच्या गेममध्ये ड्रॅगन चक्क उलटे, शेपटी पुढे करून उडू लागले. हे हसण्यावारी नेता आले. पण त्याच पॅचने जादूपासून संरक्षण देणारी गणितेही बिघडवली होती. ते लवकर लक्षात येत नव्हते आणि पात्र मात्र मरत होते. पुढच्या पॅचने दोन्ही दुरुस्त केले.

‘सायबरपंक’चा पहिला मोठा पॅच १.१ जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यानंतर मुख्य कथेतल्या ताकेमुरा या पात्राचा फोन आला, की काही जणांच्या गेममध्ये तो बोलतच नसे आणि फोन ठेवताही येत नसे. कथा तिथेच अडकायची. काही दिवसांत १.११ हा हॉटफिक्स काढावा लागला. त्यानंतर फेब्रुवारीत कंपनीच्या संगणक यंत्रणेवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि पुढचा मोठा पॅच लांबला. तो मार्चच्या अखेरीस आला तेव्हा त्यात ५०० हून अधिक दुरुस्त्या होत्या. हा आकडा कंपनीच्या मेहनतीचा पुरावा म्हणून पाहता येतो. तीन महिन्यांपूर्वी पूर्ण किमतीत काय विकले गेले होते, याचाही तो पुरावा आहे.

पॅच नव्हते तेव्हा काय होत असे?

बग तेव्हाही होते. १९८७ च्या पहिल्या ‘फायनल फँटसी’मध्ये पात्रांची ‘बुद्धिमत्ता’ वाढली की जादूचा प्रभाव वाढायला हवा होता. प्रत्यक्षात त्या आकड्याचा जादूवर काहीच परिणाम होत नसे. १९९६ च्या पहिल्या ‘पोकेमॉन’ गेममध्ये ठरावीक क्रमाने ठरावीक किनाऱ्यावर गेले की ‘मिसिंगनो’ नावाचा विस्कटलेला पोकेमॉन समोर येई आणि पिशवीतल्या सहाव्या वस्तूच्या ढीगभर प्रती तयार होत. हे गेम कार्ट्रिजवर होते. एकदा विकलेले कार्ट्रिज दुरुस्त करता येत नसे.

म्हणून जुने गेम निर्दोष होते, असे नाही. ते आजच्या गेमच्या तुलनेत फार लहान होते आणि नंतर दुरुस्त करण्याचा पर्याय नसल्याने कथा अडवणारा बग विक्रीआधी पकडणे भाग होते. इंटरनेटने तो धाक कमी केला. त्याच इंटरनेटमुळे एरवी कायमचे तुटके राहिले असते असे गेम सुधारलेही. पॅचचे हे दोन्ही परिणाम खरे आहेत.

मग खेळाडूच टेस्टर झाले आहेत का?

काही वेळा ते उघडपणे, सांगून-सवरून होते. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये ‘अर्ली अॅक्सेस’मध्ये आला. गेम अपूर्ण आहे, बग असणार, हे विकताना सांगितलेले होते. फक्त पहिला अंक खेळायला मिळत होता आणि २५ लाखांहून अधिक लोकांनी तो घेतला. जवळपास तीन वर्षे त्यांच्या तक्रारी आणि खेळण्याच्या नोंदींवरून स्टुडिओने गेम घडवला. ३ ऑगस्ट २०२३ रोजी पूर्ण गेम आला तेव्हा त्याचे जोरदार स्वागत झाले.

तरीही महिनाअखेरीस आलेल्या पहिल्या पॅचमध्ये १ हजारहून अधिक दुरुस्त्या होत्या. बग आणि गेम मंदावण्याच्या तक्रारी तिसऱ्या अंकाबद्दल विशेष होत्या. लाखो लोकांनी तीन वर्षे घासूनपुसून पाहिलेला पहिला अंक स्थिर होता. जो भाग लोकांपर्यंत आधी पोहोचलाच नाही, तिथे भेगा दिसल्या. टेस्टिंगला दिलेला वेळ गेममध्ये कसा उतरतो, हे एकाच गेमच्या दोन टोकांना दिसले.

‘अर्ली अॅक्सेस’ आणि ‘सायबरपंक’ यांतला फरक संमतीचा आहे. एकात ग्राहकाला माहीत होते की तो अपूर्ण वस्तू घेतो आहे. दुसऱ्यात त्याला पूर्ण वस्तू म्हणून विकली गेली.

या साखळीत टेस्टर कुठे आहे?

सहसा सर्वांत खाली. अनेक ठिकाणी हे काम कंत्राटी असते आणि गेम प्रसिद्ध झाला की कंत्राट संपते. मग एखादी विचित्र गडबड कशामुळे होते हे ज्याला वर्षभराच्या अनुभवाने माहीत असते, तोच माणूस पॅचच्या वेळी कंपनीत नसतो. कॅनडातील एडमंटन येथे बायोवेअरच्या ‘ड्रॅगन एज’ मालिकेतील गेमवर काम करणाऱ्या कंत्राटी टेस्टरनी २०२२ मध्ये संघटना स्थापन केली. पुढच्याच वर्षी कंत्राट संपले आणि त्यातील १३ जणांची नोकरी गेली. दुसरीकडे, बेथेस्डाची पालक कंपनी झेनिमॅक्समधील सुमारे ३०० टेस्टरनी संघटना उभी केली आणि जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिला मान्यता दिली.

हा विषय महाराष्ट्रापासून फार दूर नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून पुण्यातील स्टुडिओ घेतला, तेव्हा तिथल्या कामाचा मोठा भाग टेस्टिंगचाच होता. पुढे तिथे गेमची निर्मितीही होऊ लागली आणि २०१८ मध्ये मुंबईतही स्टुडिओ सुरू झाला. अभियांत्रिकीची पदवी घेऊन गेमिंगमध्ये जाऊ पाहणाऱ्या इथल्या अनेकांसाठी टेस्टिंग हे पहिले दार असते. त्या दारातून आत गेलेल्याला अनुभवाची किंमत मिळते की दर गेमनंतर नव्याने सुरुवात करावी लागते, यावर तुमच्या हातातल्या गेमचा दर्जाही अवलंबून असतो.

ग्राहक म्हणून काय करता येईल?

प्री-ऑर्डर टाळा. डिजिटल गेमचा साठा संपत नाही, त्यामुळे आधी पैसे देऊन ग्राहकाला फारसे काही मिळत नाही. गेम आल्यावर आठवडाभर थांबा आणि परीक्षण तुमच्याच कन्सोलवरच्या किंवा तुमच्यासारख्या संगणकावरच्या आवृत्तीचे आहे ना, हे पाहा. ‘सायबरपंक’मध्ये फसगत नेमकी इथेच झाली होती.

एकाच सेव्ह फाइलवर पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. दर काही तासांनी आणि मोठ्या निर्णयाआधी वेगळी फाइल ठेवा. क्लाउडवर फाइल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण खराब झालेली फाइलही तिथे तितक्याच इमानदारीने पोहोचते. मोठा पॅच टाकण्यापूर्वी त्याची माहिती वाचा. त्यात ‘माहीत असलेल्या अडचणी’ अशी यादी असेल तर ती आधी पाहा.

पैसे परत घेण्याचे नियम खरेदीपूर्वी माहीत असू द्या. स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. साठ तासांच्या आरपीजीतला बग पहिल्या दोन तासांत दिसेलच असे नाही, ही मर्यादाही लक्षात ठेवा. बग सापडलाच, तर ‘गेम बेकार’ एवढेच लिहिण्याऐवजी आवृत्ती, कन्सोल आणि पायऱ्या कळवा. अशी तक्रार दुरुस्त होण्याची शक्यता जास्त असते.

शेवटी दुरुस्त झालेला गेम कोणाला मिळाला?

‘सायबरपंक’ सावरला, हे खरे. फेब्रुवारी २०२२ मध्ये नव्या कन्सोलसाठीची आवृत्ती १.५ पॅचसह आली. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेटने गेमची बरीचशी रचनाच बदलली आणि त्यापाठोपाठ ‘फँटम लिबर्टी’ हे विस्तारित कथानक आले. स्टीमवर २०२२ चा ‘लेबर ऑफ लव्ह’ आणि २०२३ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम ‘ऑनगोइंग’ गेम, असे दोन पुरस्कार त्याला मिळाले. नोव्हेंबर २०२४ पर्यंत विक्री ३ कोटी प्रतींवर गेली.

पण २.० अपडेट आणि ‘फँटम लिबर्टी’ प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आलेच नाहीत. ज्या कन्सोलवरच्या ग्राहकांना डिसेंबर २०२० मध्ये सर्वाधिक त्रास झाला, त्यांच्यापर्यंत पुरस्कार मिळवणारा गेम पोहोचला नाही. नवी आवृत्ती त्यांना मोफत होती, पण त्यासाठी नवा कन्सोल विकत घ्यावा लागणार होता. पॅचमुळे गेमचे नाव सुधारते, कंपनीची विक्री सुधारते आणि नंतर येणाऱ्या ग्राहकाला चांगला गेम बहुधा कमी किमतीतही मिळतो. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्याला मात्र अनेकदा फक्त वाट पाहणे मिळते. पुढच्या मोठ्या गेमची तारीख जाहीर होईल तेव्हा ट्रेलरइतकेच हेही लक्षात ठेवायला हवे.